डबर कुठे टाकायचं?

गुहेत खोदाई करणाऱ्यांची खरी भांडणं कुठे खोदायचं यावरून होत नाहीत. ती होतात निघालेलं डबर कुठे टाकायचं यावरून. बाहेरच्या माणसाला वाटतं, एक घमेलं दगडमाती काढली की एक घमेलं जागा झाली, संपलं. पण ते घमेलं आत कुठेतरी ओतावंच लागतं आणि तिथली जागा खातं. एक घमेलंही नाही, सव्वा घमेलं, कारण उकरलेली माती फुगते. हे सव्वा घमेलं धाकटीने एकदा मोजून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून तिचे भावजी तिला शास्त्रीणबाई म्हणू लागले होते.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, बोलणं कमी, आणि बोललेलं मागे घेणं त्याहून कमी. भावजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची गाडी शिकवण्याची शाळा होती. आयुष्यभर शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक दाबल्यामुळे त्यांचा स्वतःखेरीज कोणावरही विश्वास राहिला नव्हता. दर रविवारी गुहेत जाणाऱ्या मंडळाचे म्होरकेही तेच. कोणी निवडलं होतं असं नाही. शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, म्हणून ते म्होरके.

गुहेच्या अगदी टोकाला दगडांचा एक ढिगारा बूच मारल्यासारखा बसला होता, आणि त्या दगडांमधून वारा यायचा. गुहेत वारा येतो म्हणजे पलीकडे मोकळी जागा आहे. एवढ्या एका वाऱ्यावर भावजींनी कित्येक वर्षं काढली होती. पहारीने दगड सैल करायचा, ओढायचा, उभ्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपात टाकायचा, आणि धाकटीच्या नवऱ्याने ते पिंप दोराने खेचत मागे न्यायचं. दर रविवारी चिखलाने माखून बाहेर आले की भावजी म्हणायचे, “हत्ती गेला, शेपूट राहिलंय!”

“कसला हत्ती,” त्यांची बायको, म्हणजे धाकटीची थोरली जाऊ, कपडे दारातच उतरवून घेत म्हणायची. “डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. यांना इतक्या वर्षांत उंदराची मिशीसुद्धा दिसली नाही. आणि घरात भिंतीला एक खिळा ठोका म्हटलं की लगेच कंबर धरते.”

त्या शेपटाचं डबर टाकून टाकून गुहेतले सगळे कोनाडे, खळगे, आडबाजू भरून गेल्या. उरला एकच खळगा, पहिल्या मोठ्या दालनाच्या भिंतीशी. आणि नेमक्या त्याच खळग्याच्या तळाशी धाकटीला एक फट सापडली होती.

फट कसली, हात जेमतेम आत जाईल एवढं भोक. पण तिने बँडेजचा एक धागा सोडून त्यापुढे धरला, तर धागा आत ओढला गेला. दुसऱ्या रविवारी धरला, पुन्हा आत. ऊन असो, थंडी असो, धागा आतच. त्या भोकाला कुठेतरी जायचं होतं, आणि भोकाबरोबर तिलाही.

“पुढच्या रविवारपासून डबर शास्त्रीणबाईच्या खळग्यात,” परतीच्या वाटेवर गाडी चालवताना भावजींनी जाहीर केलं.

“भावजी, तिथे वारा आत जातो.”

“वारा घोंगावतो गं. कोपऱ्यात शिरतो, गिरकी घेतो. आपल्या जिन्यात नाही का पालापाचोळा फिरत?”

“मी धागा धरून बघितलाय.”

“धागा!” भावजी आरशातून धाकट्या भावाकडे बघून हसले. “मी तोंडावर वारा घेतोय इतकी वर्षं, आणि ही धागा दाखवते.”

धाकटीच्या नवऱ्याने मान हलवली. त्याची मान हलवण्याची एक खास तऱ्हा होती. ती भावाला होकार वाटायची आणि बायकोला सहानुभूती. “दादाचं पण बरोबर आहे,” तो म्हणाला, “आणि तुझंही.”

“मग डबर तुझ्या डोक्यावर टाकायचं का?” धाकटीने विचारलं. त्यावरही त्याने मान हलवली.

एकदा खळग्यात डबर पडलं की पडलं. ते परत कोणी उपसणार नव्हतं. त्या भोकाचा कायमचा निकाल लागणार होता, आणि तोही ते कुठे जातं हे न बघता. धाकटीला हे असह्य झालं. हरण्याचं तिला फारसं वाईट वाटत नसे, पण तपासल्याशिवाय हरायचं म्हणजे काय?

मंगळवारी संध्याकाळी ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई मंडळातल्याच. ठेंगण्या, हसऱ्या, आणि अरुंद भोकात हात घालून काम करण्याची जन्मभराची सवय असलेल्या. शेवटचा पेशंट गेला होता. खुर्चीवरचा मोठा दिवा अजून पेटलेला होता आणि त्या हत्यारं उकळत ठेवत होत्या.

“वास सोडायचा,” धाकटी म्हणाली. “माझ्या भोकात आत खोलवर. भावजींच्या दगडांतून तोच वास बाहेर आला, तर दोन्ही जागा पलीकडून जोडलेल्या आहेत. मग माझं भोक म्हणजे त्यांच्या बुचाला वळसा घालून जाणारा रस्ता.”

“आणि वास कोणी घ्यायचा?”

“त्यांनीच. दुसऱ्या कोणाच्या नाकावर त्यांचा विश्वास नाही.”

“सांगितलंस तर म्हणतील, मला काही आलं नाही.”

“म्हणून सांगायचं नाही. नाकाला काय शोधायचंय हे माहीत असता कामा नये. नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही.”

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते काही फार सभ्य नव्हतं. कपाटातून त्यांनी एक छोटी तपकिरी बाटली काढली. “लवंगेचं तेल. तुझ्या भावजींची उजवीकडची दाढ गेल्या वर्षापासून किडलीय. माझ्या शेजारी बसत नाहीत, बिस्कीट चहात बुडवून डाव्या बाजूने खातात, आणि मी जांभई दिली तरी दोन पावलं मागे सरकतात. हा वास त्यांना काही न सांगता सांगेल.”

धाकटीला हे तितकंसं पटलं नाही. प्रयोगात भीती मिसळणं तिला बरं वाटेना. पण शनिवारपर्यंत दुसरा वास सुचला नाही, हेही खरं.

अडचण वेगळीच होती. लवंगेचा वास भोकातून न जाता सरळ मुख्य भुयारातून भावजींपर्यंत गेला तर? मग काहीच सिद्ध होणार नव्हतं. दालन आणि भावजींची जागा यांच्यामध्ये पोटावर सरपटत जायची एक चिंचोळी वाट होती. तिथे कोणीतरी बसून वास येत नाही याची खात्री करायला हवी होती.

“मी बसले असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण माझं नाक लवंगेला केव्हाच मेलंय. मला माझ्या स्वयंपाकातलीही कळत नाही.”

धाकटी भोकापाशी लागणार होती. नवरा भावजींचं पिंप ओढणार होता. उरलं एकच नाक.

“मी? त्या बिळात?” थोरली जाऊ म्हणाली. इतक्या वर्षांत तिने गुहेचं तोंडही बघितलं नव्हतं. बघितला होता तो गुहेचा चिखल, आणि तोही साबणाच्या पाण्यात. “मला काय वेड लागलंय?”

“ताई, नुसतं पडून राहायचं आणि वास घ्यायचा.”

“आणि यांना कळणार नाही?”

“नाही.”

“ते काहीतरी करतील आणि मी बघत असेन, आणि त्यांना ठाऊक नसेल?”

“हो.”

जाऊ थोडा वेळ कणीक मळत राहिली. “यांचं जुनं हेल्मेट माळ्यावर आहे,” ती म्हणाली.

रविवारी भावजी आणि नवरा नेहमीप्रमाणे पुढे गेले. दिवसभराचं डबर आतच साठवून संध्याकाळी खळग्यात टाकायचं होतं, त्या खुशीत भावजी शिट्टीवर कसलीशी धून वाजवत गेले. ते दिसेनासे झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी जावेला आत आणलं. थोरल्या जावेने चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी प्लास्टिक अंथरलं, ते दोनदा झटकलं, मग ती त्यावर आडवी झाली, आणि म्हणाली, “इथे केर कोण काढतं?”

धाकटीने तेलात भिजवलेला कापूस काठीच्या टोकाला बांधून भोकात हाताहून खोल सरकवला आणि भोवती ओली फडकी कोंबली, वाऱ्यापुरती जागा ठेवून. मग वाट बघू लागली.

तिचा हिशेब असा होता की चहा ओतून पिऊन होईपर्यंत वास पलीकडे पोचेल. चहा झाला. दुसरा झाला. पलीकडून नुसती पहारीची ठकठक. तिने पुन्हा तेल टाकलं. थर्मास रिकामा झाला. वाटेच्या तोंडाशी थोरली जाऊ नाक वर करून पडली होती आणि मधूनमधून विचारत होती, “नाही ना अजून? मलाही नाही.” मग तिचा आवाज यायचा बंद झाला आणि संथ घोरणं ऐकू येऊ लागलं.

धाकटीने काठी हातात घेतली. पाण्याच्या नमुन्यात काही सापडलं नाही की ती तसं लिहून मोकळी होत असे. इथे मोकळं होणं जमेना. वारा खरंच गिरकी घेत असेल. भावजींचा जिना, पालापाचोळा, सगळं खरं असेल. “काढते,” ती म्हणाली.

“थांब गं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भूल चढायलासुद्धा वेळ लागतो.”

तेवढ्यात ठकठक थांबली. मग दूरवर पिंप उलटल्याचा आवाज झाला. मग कोणीतरी ओरडलं आणि पाठोपाठ हातापायांची अशी घसरपट्टी ऐकू येऊ लागली की जणू गुहेतून म्हैस बाहेर निघाली आहे. भावजी त्या चिंचोळ्या वाटेतून इतक्या वेगाने कधी आले नव्हते. एका हाताने ते सरपटत होते, दुसरा हात उजव्या गालावर होता, आणि वाटेच्या तोंडाशी त्यांचा दिवा पडला तो त्यांच्याच जुन्या हेल्मेटखाली त्यांच्याच बायकोच्या तोंडावर.

“आई गं!” भावजी म्हणाले.

“आई नाही, मी आहे,” थोरली जाऊ डोळे चोळत म्हणाली.

“तू? तू इथे काय करतेस?”

“वास घेतेय. इथे काही येत नाहीये. तुम्हाला आला का?”

भावजींनी दालनात बघितलं. तिथे डॉक्टरीणबाई हात जोडून उभ्या होत्या. “नमस्कार,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. भावजींचा गालावरचा हात खाली आला.

“मला कसलाही वास आलेला नाही,” ते ठामपणे म्हणाले.

“मग पळत का आलात?” धाकटीने विचारलं.

“पळत कोण आलं? पाणी प्यायला आलो.”

“पाण्याची बाटली तुमच्या कमरेला आहे, भावजी.”

आता भावजींची चांगलीच पंचाईत झाली. वास आला म्हणावं तर भोक खरं ठरतं. नाही म्हणावं तर चारचौघांत पळण्याचं दुसरं कारण द्यायला हवं, आणि ते त्यांना सुचेना. त्यांनी आपल्या हक्काच्या साक्षीदाराकडे बघितलं. नवरा नुकताच मागून बाहेर येऊन कपाळावरचा चिखल पुसत होता.

“तू सांग रे. आला का काही वास?”

नवऱ्याने मान हलवायला सुरुवात केली. मग एकीकडे बायको, दुसरीकडे वहिनी आणि समोर डॉक्टरीणबाई बघून ती मान मध्येच थांबली. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं.

“मला सर्दी आहे,” तो म्हणाला. भावजींचा चेहरा खुलला. “पण दादा, तूच ओरडलास ना? ‘लवंग! ती आली! ती इथेपण आली!’ असं.”

थोरली जाऊ इतकी हसली की हेल्मेट नाकावर आलं.

भावजी एका दगडावर बसले. सगळ्यांचं हसून होईपर्यंत शिट्टीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “एक रविवार. पुढचा एक रविवार देतो. तेवढ्यात आत जायला रस्ता झाला तर झाला. नाहीतर डबर या खळग्यात, आणि पुन्हा धागा नाही, लवंग नाही, आणि बायको तर मुळीच नाही.”

“आणि दाढ?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दाढेचा आणि गुहेचा काही संबंध नाही,” भावजी म्हणाले, आणि ते मात्र कोणालाच खोडून काढता आलं नाही.

तो रविवार उजाडला. धाकटी आणि डॉक्टरीणबाई खळग्यात उतरल्या. भोकाभोवती घट्ट पिवळी माती होती आणि मध्ये दाढेसारखाच रुतून बसलेला एक दगड. त्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलायचं सोडलं असतं तर नवल. “मुळाशी मोकळा करायचा, मग हलवायचा. ओढायची घाई नाही करायची. आ करा, मोठा आ.” दगड हलला, पण निघेना. धाकटीची कोपरं सोलली गेली. दुपार टळली तरी तो तसाच डुगडुगत होता. भावजी मदतीला आले नाहीत. ते नवऱ्याला घेऊन आपल्या टोकाला गेले होते, कारण निघालेलं डबर संध्याकाळी टाकायला तयार हवं होतं.

शेवटी दगड निघाला तोही बाहेर नव्हे, आत. धाकटीने वैतागून त्याला पायाने रेटलं आणि तो पलीकडे घरंगळत गेला. दोघी ऐकत राहिल्या. तो बराच वेळ घरंगळला.

“श्वास सोड आणि शिर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीने श्वास सोडला. खांदे अडकले, सुटले. कंबर अडकली, सुटली. पुढची वाट आधी उतरली, मग वळत, चढत गेली. आधी कोपरांवर, मग गुडघ्यांवर, आणि मग एका ठिकाणी तिने डोकं वर केलं तर ते कशालाच लागलं नाही. तिने हात वर केला. तोही नाही. दिवा वर केला. छत होतं, पण इतक्या उंचावर की उजेड तिथे पोचता पोचता दमत होता. भिंतींवर पांढऱ्या खनिजाचे पडदे उतरले होते. कुठे पाऊल नव्हतं, चिखलाचा हात नव्हता, डबराचा खडा नव्हता.

तिच्या पुढ्यात जमीन नरसाळ्यासारखी खाली उतरत गेली होती. नरसाळं दगडांनी भरलेलं होतं, आणि त्याच्या बुडातून, दगडांच्या खालून, ओळखीचा आवाज येत होता. ठक. ठक. मग घासल्याचा आवाज. मग भावजींचा, पुसट पण खूश: “निघाला! हा बघ, अजून एक निघाला!”

आणि तिच्या डोळ्यांदेखत नरसाळ्यातला एक दगड हळूच सरकला आणि निघालेल्याच्या जागी जाऊन बसला. त्याच्या जागी वरचा आला. त्याच्या जागी त्याच्याही वरचा.

ठक, ठक. “निघाला!” पुन्हा एक सरकला.

धाकटी काठावर बसली आणि तिने तोंडावर हात दाबला. इतक्या वर्षांचं शेपूट! भावजी खालून हत्ती ओढत होते आणि हत्ती वरून नवं शेपूट सोडत होता. नरसाळ्यात अजून त्यांच्या आयुष्याला पुरतील एवढे दगड होते. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. सव्वा घमेल्याचा हिशेब तिने केला होता, पण इतकं डबर एका बुचातून निघतंच कसं, हा साधा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

मागून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी बघितलं, आणि दोघी एकमेकींना धरून गदागदा हलत राहिल्या. पण तेवढ्यात एक मोठा दगड सरकला, नरसाळ्याची कड थोडी ढासळली, आणि धाकटीचं हसू आटलं. दोघी मागे सरकल्या.

“भावजी!” ती ओरडली. “ओढू नका! थांबा!”

ठकठक थांबली.

“कोण?” भावजींचा आवाज दगडांतून आला.

“मी आहे.”

“तू कुठून बोलतेस?”

“वरून.”

“वरून म्हणजे?”

“तुमच्या डोक्यावरून. तुम्ही एक ओढला की इथून एक खाली येतो, भावजी. नरसाळं आहे. अजून चिकार बाकी आहेत, आणि मोठेही आहेत. पहार ठेवा आणि मागे व्हा.”

खाली पहार दगडावर टेकल्याचा आवाज झाला. मग नवऱ्याचा आवाज आला, “दादा, म्हणजे आपण इतकी वर्षं...” आणि भावजींचा, “गप्प बस.”

धाकटी वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता ते म्हणतील, मी म्हटलंच होतं इथे मोकळी जागा आहे. म्हणाले असते तर खोटंही नव्हतं.

“मोठं आहे?” भावजींनी विचारलं. आवाज अगदीच वेगळा होता. शिट्टी गळ्यात नसलेल्या माणसाचा.

“मोठं आहे. छत इतकं—”

“थांब! सांगू नकोस.” दगडांपलीकडे घाईघाईने काहीतरी गोळा केल्याचे आवाज आले. “काही सांगू नकोस. मी स्वतः बघणार. तुझ्या भोकातून मी मावेन का?”

“आत्ता नाही मावणार.”

“मग मोठं करू. रातोरात करू. ए, पिंप घे, फावडं घे, चल. आणि त्या खळग्यात कोणी एक खडासुद्धा टाकायचा नाही, सांगून ठेवतो. शास्त्रीणबाई, ऐकतेस ना? मी येईपर्यंत तिथेच थांबा दोघी!”

“हो भावजी,” धाकटी म्हणाली.

घसरण्याचा आवाज लांब लांब गेला आणि संपला. नरसाळ्यापलीकडे दालन काळोखात पुढे जात होतं, आणि त्या काळोखातून गार, स्वच्छ वारा येत होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं.

“थांबायचं ना?”

“थांबायचंच,” धाकटी उठून गुडघे झटकत म्हणाली. “पण ‘तिथेच’ म्हणजे नक्की कुठे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक आहे?”

आणि नरसाळ्याची कड सांभाळत, भिंतीच्या कडेकडेने दोघी पुढे निघाल्या.